धक्का कोणी सोसायचा? : आरंभीच्या मोटारींचे सुकाणू आणि तुटणाऱ्या कमानी

अपघाताच्या बातम्यांतील दोन वाक्ये मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की ती वाचताना आपण थांबतही नाही. ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटला’ हे पहिले आणि ‘स्टेअरिंग रॉड तुटला’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात दोष माणसाच्या पदरी पडतो, दुसऱ्यात लोखंडाच्या. एकाच खड्ड्यापाशी सुरू झालेल्या एकाच घटनेला ही दोन्ही वाक्ये लावता येतात, आणि त्यांतले कोणते लावले जाईल हे पुष्कळदा चालक ते सांगण्यासाठी मागे उरला आहे की नाही यावर ठरते. मोटारीच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आम्ही जसजसा वाचत गेलो, तसतसे आम्हांला असे दिसू लागले की सुकाणूची सारी रचना, तिच्यातल्या लहानमोठ्या कमानींसकट, एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. रस्त्याने चाकाला दिलेला धक्का शेवटी कोणी सोसायचा? हातांनी, दांड्यांनी, की कमानींनी?

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे, म्हणून आरंभ बैलबंडीपासून करू.

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेकाठचे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील तट-खंदकांमुळे आणि १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात उजेडात आलेल्या स्तूपामुळे. मोटारीच्या इतिहासात या गावाचे नाव येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. परंतु १९०८ साली नागपूर–नागभीड ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि या गावाच्या वाट्याला स्थानक आले ते ‘पवनी रोड’ या नावाचे. ज्या स्थानकाच्या नावामागे ‘रोड’ लागतो ते गावात नसते, हे आपल्याकडच्या जुन्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. रेल्वे जेथे सोडून देई तेथून पुढे बंडी. ती अरुंद रेल्वे २०१९ साली रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. बंडी तिच्याही आधीची होती.

पूर्व विदर्भातल्या या बंडीला दोन चाके, एक आस, पुढे गेलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला जू. तिला सुकाणू नाही आणि कमानही नाही. बैल वळले की बंडी वळते. दोन्ही चाके आसावर आपापली फिरत असल्याने वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि कशाचेही कशाशी भांडण होत नाही. आता डावे चाक दगडाला अडले असे समजा. बंडी डावीकडे वळू पाहते, दांडीचे टोक डावीकडे झेपावते आणि जू बैलांच्या मानेवर आडवे दाबले जाते. चाक बंडीच्या मध्यापासून सुमारे अडीच फुटांवर असते आणि जू आसापासून नऊ-दहा फुटांवर, असे धरले तर धक्क्याचा साधारण चौथा हिस्सा मानेपर्यंत पोचतो. म्हणजे येथे धक्का सोसणारा बैल. त्याच्या मानेवरचा घट्टा ही या वाहनाच्या झिजेची नोंद होय.

चार चाकांच्या घोडागाडीतही तत्त्व तेच होते. पुढचा आस मधोमध एका खिळीवर फिरे, त्याला जोडलेली दांडी घोड्यांच्या मधून जाई, आणि चाकाला बसलेला हिसका दोन जनावरे आपल्या अंगाच्या वजनाने जिरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०४ साली, इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि गाड्या हलक्या व सुखकर झाल्या. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोलादी पाट्या एकीवर एक रचून केलेली ही कमान बसणाऱ्याच्या पाठीसाठी जन्माला आली. गाडी कोणत्या दिशेने जाते याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. तो संबंध मोटारीने जोडला, आणि पुढचे सारे दुखणे तेथून सुरू झाले.

घोडे काढून घेतल्यावर काय होते ते पाहा. मध्यखिळीवर फिरणारा आस तसाच ठेवला आणि दांडीऐवजी चालकाच्या हाती एक मूठ दिली, तर अडीच फूट लांबीच्या तरफेवर बसलेला धक्का थेट माणसाच्या मनगटात येतो. कार्ल बेंझने १८८६ ची आपली पहिली मोटार तीन चाकांची केली याचे एक मुख्य कारण हेच, की चार चाकांच्या वाहनाचे सुकाणू कसे करावे याचे समाधानकारक उत्तर त्याला सापडले नव्हते. उत्तर खरे तर सत्तर वर्षांपूर्वीच सापडलेले होते. म्युनिकचा गाडी बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेन्श्पेर्गर याने आस न फिरवता आसाच्या दोन्ही टोकांना चाकांपुरत्या स्वतंत्र खिळी बसवण्याची रचना केली होती. लंडनमधील त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले आणि रचनेला नाव लागले ते आकरमानचे. (पेटंट ज्याच्या नावे, कीर्ती त्याची. हा न्याय नवा नाही.) घोडागाडीवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण त्यांचा धक्का सोसायला घोडे समर्थ होते. बेंझने १८९३ साली आपल्या खिळीच्या सुकाणूचे पेटंट घेतले तेव्हा मोटार चार चाकांवर उभी राहिली.

या रचनेचा लाभ साध्या गणिताने कळतो. चाकाची खिळी, जिला आज सगळे किंगपिन म्हणतात, ती चाकाच्या मध्यरेषेपासून तीन इंचांवर असेल तर तरफ तीस इंचांवरून तीन इंचांवर आली. धक्क्याचा फिरवणारा जोर एकदशांश झाला. परंतु एकदशांश म्हणजे शून्य नव्हे. शिवाय मोटार घोड्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने धावू लागली होती, आणि त्याच दगडाचा धक्का वेगाबरोबर वाढत जातो.

उरलेला धक्का चाकाच्या बाहूतून एका लांब दांडीत येई. या दांडीला कारखान्यात ड्रॅग लिंक म्हणतात. ती आसापासून मागे सुकाणूच्या पेटीपर्यंत जाते, आणि पेटीतून खांबावाटे चालकाच्या हातांपर्यंत. पहिल्या गाड्यांत हाती चक्र नव्हते, नावेच्या सुकाणूसारखा दांडा होता. १८९४ च्या पॅरिस–रूआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पनहार्ड गाडीला गोल चक्र बसवले असे सांगतात, आणि पुढच्या काही वर्षांत चक्राने दांड्याला हुसकले. चक्राबरोबर दातेरी पेटी आली. तिच्यातला आटेदार दंड उथळ आट्यांचा केला की चालक चाक वळवू शकतो, पण चाक चालकाला वळवू शकत नाही, हे लोकांच्या ध्यानात आले. एकतर्फी सुकाणू! मनगटे सुटली, असे वाटले.

धक्का मात्र कोठे नाहीसा होत नाही. हातांकडे जाण्याचा मार्ग बंद केल्यावर तो वाटेतल्या भागांवर कोसळू लागला. पेटीतले दाते झिजून ढिले होत, दांडी वाकत असे, बाहूला तडे जात. आणखी एक तोटा असा की वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होण्याची जी स्वाभाविक ओढ असते ती अशा पेटीत मरून जाते. चालकाला रस्ता कळेनासा होतो. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी मधला मार्ग शोधला. पेटी अर्धवट एकतर्फी ठेवायची आणि ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना, जेथे दांडी चेंडूसारख्या गोल सांध्यावर टेकते तेथे, लहान गुंडाळी कमानी बसवायच्या. चेंडू दोन वाट्यांच्या मधोमध, प्रत्येक वाटीच्या मागे एक कमान, आणि सगळे एका नळीत कोंबून टोकाला आट्याचे बूच. चाकाला धक्का बसला की कमान दबते आणि त्याची धार बोथट होऊनच तो पुढे जातो. शिवाय चेंडू व वाट्या झिजल्या तरी कमान त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवते. एकाच चिमुकल्या वस्तूने दोन कामे केली, आणि त्या काळच्या अनेक गाड्यांत ही रचना रूढ झाली.

याच चिमुकल्या कमानीपाशी आमची खरी कथा आहे. ती दिवसात हजारो वेळा दबते. धूळ आणि चिखल नळीत शिरतात, वंगण कोरडे पडते, गंज धरतो, आणि गंजाच्या एखाद्या टिंबापाशी तडा सुरू होतो. पोलाद एका मोठ्या भारानेच तुटते असे नाही, लहान भार पुनःपुन्हा बसल्यानेही तुटते, हे प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते. मोटारीतील कमानी त्याच रोगाच्या बळी होत्या. कमान तुटली की तिचे वेढे एकमेकांत शिरतात, वाटी मागे सरकते, आणि चेंडू ज्या फटीतून नळीत घातलेला असतो त्याच फटीसमोर येऊन उभा राहतो. पुढच्या धक्क्याला तो बाहेर. चालकाच्या हाती चक्र असते, आणि ते कशालाही जोडलेले नसते.

यावर जे उपाय झाले त्यांत जास्त जाड तार किंवा जास्त चांगले पोलाद हा उपाय होताच, पण तो मुख्य नव्हता. मुख्य उपाय असा की कमान तुटेलच हे गृहीत धरून नळीची रचना करायची. कमानीच्या पोटात एक आखूड लोखंडी खुंटी बसवायची. कमान जेमतेम काही सूत दबली की वाटी खुंटीवर टेकावी. मग कमानीचे तुकडे झाले तरी चेंडू त्यापलीकडे सरकत नाही, आणि फटीपर्यंत पोचत नाही. बुचाला आडवी पिन घालायची म्हणजे ते हादऱ्याने फिरून सैल होणार नाही. सांध्याला चामड्याची पिशवी बांधायची आणि आत वंगण भरायचे. ही युक्ती कोणा एका शोधकाच्या नावावर नाही. ती ज्यांनी तुटलेले सांधे उघडून पाहिले त्यांची आहे, आणि म्हणूनच आम्हांला ती आकरमानच्या पेटंटापेक्षा अधिक मोलाची वाटते. पुढे आणखी एक बदल झाला, दिसायला लहान पण विचाराने मोठा. कमान दांडीच्या रेषेत न ठेवता चेंडूच्या देठाच्या रेषेत, म्हणजे दांडीशी काटकोनात ठेवली गेली. आता सुकाणूचा जोर कमानीतून जाईनासा झाला. धक्का सोसण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले आणि झीज भरून काढण्याचे तेवढे ठेवले. एका कमानीवर दोन कामे लादली होती, त्यांतले जड काम उतरवले.

हीच गोष्ट मोठ्या कमानींच्या, म्हणजे पुढच्या पाट्यांच्या बाबतीत समजायला आणखी पंचवीस-तीस वर्षे जावी लागली.

आपल्याकडे ज्याला कमानपाटा म्हणतात तो घोडागाडीकडून मोटारीने जसाच्या तसा उचलला. फरक एवढाच की घोडागाडीत तो वजन झेलीत होता, आणि मोटारीत पुढचा आस जागेवर धरून ठेवण्याचे कामही त्याच्याकडे आले. सगळ्यांत वरचा, दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेला मुख्य पाटा हाच आस आणि सांगाडा यांमधला दुवा. तो तुटला, आणि तो बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशी किंवा डोळ्याच्या वळणापाशी तुटतो, की त्या बाजूने आस मागे सरकतो. ड्रॅग लिंकची लांबी मात्र ठरलेली. आस सरकला आणि दांडी सरकली नाही, म्हणजे चाक आपोआप वळले. येथे सुकाणूचा एकही भाग तुटलेला नसतो, तरी गाडी स्वतःच वळण घेते. ‘ताबा सुटला’ या वाक्यातला ताबा असाही सुटतो.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर या पाट्यांची कसोटी कशी लागली असेल ते समजण्यासाठी एका मराठी शब्दाकडे वळावे लागेल. तो शब्द म्हणजे चाकोरी. आज आपण तो वाक्प्रचारातच वापरतो. चाकोरीतले जीवन, चाकोरीबाहेरचा विचार. मूळची चाकोरी म्हणजे बंड्यांच्या लोखंडी धावांनी रस्त्यात कोरलेले दोन चर. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर ते वाळून दगडासारखे होत. आता मोटारीच्या दोन चाकांतले अंतर बंडीइतकेच असेल कशावरून? नसले तर एक चाक चरात आणि दुसरे कडेवर. चरातले चाक चराच्या भिंतीला घासत चालते, सुकाणू अखंड एका बाजूला पिळले जाते, आणि सारे वजन एका पाट्यावर कलते. अमेरिकेत हीच अडचण इतकी खरी होती की फोर्डने दक्षिणेकडील राज्यांतल्या चाकोऱ्यांसाठी आपल्या मॉडेल टी गाडीचा साठ इंच रुंदीचा वेगळा प्रकार विकला. नेहमीची रुंदी छप्पन इंच होती. मोटारीने चाकोरी सोडली असे आपण म्हणतो. पहिली काही वर्षे तरी ती चाकोरीच्या मापाने घडत होती.

मुंबईत मोटारी दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. जमशेटजी टाटा पहिल्या मालकांपैकी एक. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चाचणी-यात्रा निघाली आणि १९०८ साली मुंबई–कोल्हापूर अशी सुमारे सहाशेवीस मैलांची कसोटी झाली. तीत रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही गाडी विजयी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. मोटारीविषयीचे आपल्याकडचे लिखाण येथे येऊन थबकते: गाडी कोणती, महाराज कोणते, चषक कोणता. मालकांचा इतिहास लिहिला गेला. घाटात पाटा तुटल्यावर लाकडाची फळी आणि दोरखंड बांधून गाडी पुढच्या मुक्कामाला कोणी नेली, याचा इतिहास लिहिला गेला नाही. त्या काळचा मोटारचालक हा चालक कमी आणि लोहार अधिक असे.

एक गोष्ट मात्र त्या घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या बाजूने होती, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांना पुढच्या चाकांवर ब्रेक नव्हते. ब्रेक मागच्या चाकांना आणि यंत्रापासून निघणाऱ्या दंडाला. त्यामुळे उतारावर गाडी आवरताना पुढच्या पाट्यांना पिळा पडत नसे. गाडी थांबायला वेळ लागे हे खरे, परंतु थांबताना ती स्वतःहून वळत नसे.

त्याच १९०८ सालच्या ऑक्टोबरात मॉडेल टी आली. तिच्या पुढच्या बाजूला एकच पाटा, आडवा. आडवा पाटा आसाला पुढे-मागे सरकण्यापासून रोखू शकत नाही, म्हणून फोर्डला आसापासून मागे यंत्राच्या तळाशी जाणारी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी एक दांडी द्यावी लागली. नाइलाजाने म्हणा, पण येथे पहिल्यांदा स्वस्त गाडीत पाट्याकडून आस धरण्याचे काम काढून वेगळ्या अवयवाकडे दिले गेले. ती दांडी आरंभी आसाच्या वरून जोडलेली होती आणि जोराच्या धक्क्याला आस खालून मागे वळू पाही. १९१९ च्या सुमारास ती आसाच्या खालून जोडली गेली. पाट्यांसाठी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरण्याचा फोर्डचा आग्रहही याच गाडीचा. लोकांनी पोलादाची जाहिरात लक्षात ठेवली. आमच्या मते दांडीची जागा बदलणे हे त्याहून मोठे काम होते.

बाकीच्या गाड्या लांब बाजूच्या दोन पाट्यांवरच चालत राहिल्या आणि त्यांच्यात हळूहळू शहाणपण आले. मुख्य पाट्याचा डोळा तुटला तरी आस निसटू नये म्हणून दुसऱ्या पाट्याची टोके त्या डोळ्याभोवती सैलसर गुंडाळली गेली. खड्ड्यातून वर उसळताना सारा ताण एकट्या मुख्य पाट्यावर येतो आणि तो तेव्हाच तुटतो हे कळल्यावर सगळ्या पाट्यांना एकत्र धरणाऱ्या पकडी आल्या. पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के असते आणि दुसरे शॅकल नावाच्या झोकावर हलते. हे पक्के टोक पुढे ठेवायचे की मागे? जुन्या गाड्यांत ते बहुधा पुढे असे, कारण घोड्यामागून ओढल्या जाणाऱ्या गाडीत तेच स्वाभाविक होते. परंतु सुकाणूची पेटी आसाच्या मागे आणि पाट्याचे पक्के टोक आसाच्या पुढे असेल, तर आस वर उचलला जाताना पाट्याच्या मर्जीने एक कंस काढतो आणि ड्रॅग लिंकच्या मर्जीने बरोबर उलटा. प्रत्येक उंचवट्यावर सुकाणू हलते. पक्के टोक मागे नेले, झोका पुढे आणला, की दोन्ही कंस जवळजवळ जुळतात. एका कवडीचाही जास्त खर्च नसलेली ही सुधारणा कागदावर दोन वर्तुळे काढली असती तर पहिल्याच दिवशी सुचली असती. पण घोडागाडीची सवय कागदापेक्षा बलवत्तर होती.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन नव्या गोष्टी एकाच सुमारास आल्या: चारही चाकांचे ब्रेक आणि कमी हवेचे जाडजूड टायर. दोन्ही प्रवाशाच्या हिताच्या, आणि दोन्हींनी जुन्या आस-पाट्याच्या जोडीची अब्रू काढली. पुढचे ब्रेक दाबले की चाक आसाला आपल्याबरोबर फिरवू पाहते. पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा पिळतो, किंगपिन कलते आणि ड्रॅग लिंक खेचली जाते. गाडी एका बाजूला ओढ घेते. टायरांनी दुसरेच संकट आणले. ठरावीक वेगाला पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे थरथरू लागत, आणि ही थरथर वाढत जाऊन चक्र हातात टिकेनासे होई. त्या वेळी गाजत असलेल्या एका नृत्यावरून तिला ‘शिमी’ हे नाव पडले. तिचे मूळ असे. अखंड आसाचे एक चाक वर उचलले गेले की आस तिरपा होतो. वेगाने फिरणाऱ्या चाकाचा आस तिरपा केला की भोवऱ्याच्या न्यायाने ते किंगपिनभोवती वळते. एक वळले की टाय रॉडमुळे दुसरेही वळते, आणि तेही आस उलटा तिरपा करते. पाटे आणि टायर या खेळाला झोपाळ्यासारखे खतपाणी घालतात.

मग उपायांची रीघ लागली. पाटे ताठ करा, सांधे घट्ट करा, किंगपिनचा कल कमी करा. काही अमेरिकन गाड्यांत सुकाणूच्या बाजूच्या पुढच्या पाट्याचे पक्के टोकच दोन गुंडाळी कमानींच्या मध्ये बसवले गेले, म्हणजे चाकाला समोरून धक्का बसला की आस किंचित मागे सरकावा आणि हिसका चक्रापर्यंत जाऊ नये. कमानीने निर्माण केलेला दोष कमानीनेच झाकण्याचा हा प्रकार! याच वर्षांत मुंबईत मोटारींची जुळणी सुरू झाली होती. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ सालची, शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ चा, आणि अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी. म्हणजे हे सारे उपाय आणि ही सारी दुखणी खोक्यांत भरून आपल्याकडे येत होती.

शेवटी प्रश्न मुळाशी नेला गेला. फ्रान्समध्ये ब्रुलिए आणि सांसो द लाव्हो यांनी या थरथरीचा अभ्यास केला होता. रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅकमध्ये गेलेला मॉरिस ऑली याने चाकांच्या कमानींचा मेळ प्रयोगांनी तपासला आणि त्याचा निष्कर्ष असा की मऊ पाटे आणि अखंड आस एकत्र नांदू शकत नाहीत. आस कापलाच पाहिजे. लॅन्सियाची लॅम्डा गाडी १९२२ पासून स्वतंत्र चाकांवर धावत होती, पण मोठ्या प्रमाणावर ही गोष्ट झाली ती १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांत. चाकाला धरून ठेवण्याचे काम लोखंडी बाहूंकडे गेले आणि कमानीला फक्त वजन झेलण्याचे, म्हणजे इलियटच्या काळचे, काम परत मिळाले. चार-पाच इंचांच्या सुकाणूच्या सांध्यात जे घडले होते, तेच येथे चार फुटांच्या पाट्यांत घडले.

हा बदल सर्वत्र झाला असे मात्र नव्हे. महायुद्धातली विलीज जीप अखंड आसावर आणि पाट्यांवरच होती. ब्रेक दाबताच ती डावीकडे ओढ घेई, तेव्हा डाव्या पुढच्या पाट्याखाली पिळा रोखणारी एक जादा कमान बसवली गेली. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस याच घराण्यातल्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि पुढची तीन-चार दशके महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत सरकार नावाची वस्तू लोकांना दिसली ती बहुधा जीपमधून उतरताना. १९६१ साली राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भातल्या प्रवासी गाड्याही त्यात आल्या. एसटीच्या साध्या गाडीला आणि मालट्रकला पुढे अखंड आस आणि कमानपाटे राहिले ते आजतागायत. यात मागासलेपण नाही. जड गाडीला मऊ कमान परवडत नाही, आणि तुटलेला पाटा वाटेत बदलता येतो. वाकलेला बाहू वाटेत सरळ करता येत नाही.

पाटा बदलता येतो, तो कसा बदलला जातो यावर मात्र पुढचे सारे अवलंबून असते. नागपूर–भंडारा–रायपूर महामार्गासारख्या कोणत्याही वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला कमानपाट्यांची दुकाने दिसतात. बसलेला पाटा तापवून, ठोकून त्याला पुन्हा कमान दिली जाते. पूर्ण पाटा एकसारखा लाल करून तेलात विझवला आणि मग बेताने पुन्हा तापवला, तर पोलादाचे पाणी टिकते. घाईत मधलाच भाग तापवून वाकवला तर तो पाटा दिसायला नवा आणि स्वभावाने मऊ लोखंड होतो. शेजारचा न तापवलेला भाग ताठ राहतो, आणि दोहोंच्या सीमेवर तडा धरतो. यू-बोल्ट थोड्या दिवसांनी पुन्हा आवळले नाहीत तर मधला बोल्ट एकटा सारा जोर घेतो. तो तुटला की आस पाट्यावरून घसरतो, आणि मग तीच जुनी गोष्ट, दांडीची लांबी ठरलेली आणि चाक आपोआप वळलेले. असा पाटा महिनोन्‌महिने तुटण्याच्या बेतात असतो. ज्या दिवशी तो तुटतो त्या दिवशी गाडी चालवणारा माणूस त्या दुकानात कधी गेलेलाही नसतो.

सुकाणूच्या सांध्याची तपासणी करायला यंत्र लागत नाही. गाडी जॅकवर न उचलता, चाके जमिनीवर असतानाच, एकाने आत बसून चक्र थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. चेंडूचा देठ हलतो आणि दांडी क्षणभर मागे राहते, असे बोटांना जाणवले की त्या सांध्यातली कमान बसली आहे किंवा तुटली आहे, आणि तो सांधा त्याच दिवशी बदलायचा.